सदतीस उरली

रान्वा अकरा वर्षं हातानं बांधत होती
गाठोडी, म्हणजे पॅकेजं, म्हणजे
जगभरच्या संख्याशास्त्रवाल्यांनी लिहून
फुकट उघड्यावर ठेवलेलं काहीबाही,
आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मापात बसेल असं.
एकेक सोडायची, परवाना वाचायची शेवटच्या ओळीपर्यंत,
नावातली मोठी अक्षरं धाकटी करायची,
कुणाच्या आधी कोण लागतं ते वहीत टिपायची.
वही खरी, कागदाची,
मत्स्यसंशोधन संस्थेचा शिक्का असलेली.

तोर्सहाव्नमध्ये नोव्हेंबरअखेर उजेड सहा तास.
ती वसंतानंतर निवृत्त होणार होती.
म्हणाली, आता हे तू बघ.
मी मोजलं. दोन हजारांवर होती,
आणि रोज नव्यांची भर.
म्हणालो, मी नाही बघणार. यंत्र बघेल.
ती हसली नाही, रागावलीही नाही.
कॉफीत बिस्कीट बुडवत म्हणाली,
बघू दे.

तो हिवाळा मी स्क्रिप्टमध्ये घालवला.
बाहेर वारा छपरावरचं गवत उलटं विंचरत होता,
आत मी यंत्राला शिकवत होतो रान्वाचे डोळे:
हा परवाना दिसला तर पुढं जा,
हे वाक्य दिसलं तर थांब,
हिला ती लागते, तिला फोर्ट्रानचा कंपायलर लागतो,
आणि या दोघी तर अशा
की लग्न झाल्याशिवाय वेड जाईना
नि वेड गेल्याशिवाय लग्न होईना.
त्यांची वही मी उघडली. तिथं तिचं अक्षर:
'पहिली अर्धीच बांध. मग दुसरी. मग पहिली पुन्हा.'
सात वर्षांपूर्वीची शाई.

फेब्रुवारीत एका रात्री सोडलं त्याला मोकळं.
तळघरातला सर्व्हर घोंघावत राहिला,
सकाळी दोन हजार एकशे चार तयार,
सदतीस उरली.
अकरा वर्षं, मी मनात म्हणालो, आणि एक रात्र.
मोठ्यानं म्हणालो नाही, हे बरं केलं.

सदतीसांतली छत्तीस दुपारपर्यंत निस्तरली.
कुणाची तारीख चुकलेली, कुणाचा दुवा मेलेला.
एक हलेना.
कॉड माशाच्या कानातल्या खड्यावरची वर्तुळं मोजून
त्याचं वय सांगणारं छोटंसं पॅकेज,
चिलीतल्या कुणा एउलोहियो पिंचेइराचं.
परवान्याच्या जागी दोनच ओळी:
'हवं ते करा. मात्र बांधाल तेव्हा
माझ्या आईला एक पोस्टकार्ड टाका.'
खाली पुएर्तो मोंतचा पत्ता.
यंत्रानं लिहिलं होतं: अनोळखी. थांबलो.

नियमानं हे मुक्त नव्हेच, अट आहे.
रान्वानं ते केव्हाच वेगळ्या खणात टाकलं होतं,
यादीत बरोबर, वहीत बरोबर.
मी विचारलं, आणि कार्ड?
तिनं टेबलाचा खालचा ड्रॉवर ओढला.
पफिन पक्ष्यांची कार्डं, डझनावारी घेतलेली,
पाच शिल्लक.
दर एप्रिलात मूळ भाषेची नवी आवृत्ती येते,
सगळं पुन्हा बांधावं लागतं, म्हणजे
दर एप्रिलात एक.
म्हातारी आहे का अजून?
माहीत नाही. परत कधी आलं नाही एकही.
लिहितेस काय?
'अजून चालतंय.' एवढंच. स्पॅनिशमध्ये, शब्दकोश बघून.

ती आता नोल्सोयला असते, मेंढ्या आणि बहिणीसोबत.
स्क्रिप्टमध्ये मी एक ओळ ठेवली आहे,
नवी पोरं विचारतात ही कशाला, काढून टाकू का:
'इथं थांब. माणसाला उठव.'
एप्रिलात पहाटे तीनला फोन वाजतो.
मी दिवा लावतो, चष्मा शोधतो,
पेन शोधतो, ते कधीच जागेवर नसतं.